निळ्या पिंपाची साक्ष

१

गल्लीच्या टोकाला माझ्या धाकट्या बहिणीचं एक बैठं घर आहे. ती स्वतः तिथे राहत नाही, नऊ वर्षांपासून ते भाड्याने दिलेलं आहे. महिनाभरापूर्वी एका बुधवारी दुपारी कुठल्यातरी गाडीने त्या घराच्या कोपऱ्याच्या खोलीला धडक दिली. कोपरा आत बसला, खिडकी चौकटीसकट निखळली आणि गाडी निघून गेली. पाहिलं कोणीच नाही. घराचा विमा होता, त्यामुळे धाकटी फारशी घाबरली नाही. तिने फॉर्म भरले, फोटो पाठवले आणि वाट बघत बसली.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. त्यानंतर चार दिवस ती एकटीच धुमसत राहिली आणि पाचव्या दिवशी सकाळी ते पत्र घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

आमच्याकडे येण्याचं कारण म्हणजे आमचे हे. चौतीस वर्षं यांनी विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करण्यात घालवली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी खिशातली मेजर टेप काही सुटलेली नाही. लोक यांना पाठीमागे 'टेप' म्हणतात, मी समोर म्हणते. नवा सोफा आणला तेव्हा यांनी आधी तो मोजला आणि मग त्यावर बसले. मोजून झाल्यावर चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते बसल्यावर दिसलं नव्हतं.

यांनी पत्र मोठ्याने वाचलं. "'सदर नुकसान भाडेकरूच्या स्वतःच्या वाहनामुळे झाल्याचे पाहणीत आढळून आले आहे. घरमालक, भाडेकरू अथवा त्यांच्या कुटुंबातील व्यक्ती चालवत असलेल्या वाहनाने झालेले नुकसान पॉलिसीत समाविष्ट नाही. सबब दावा नामंजूर करण्यात येत आहे.'" मग सोबत जोडलेला अहवाल चाळला आणि म्हणाले, "चांगला लिहिलाय. मीही असाच लिहिला असता."

मी यांच्याकडे असं पाहिलं की यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"भाऊजी, मला भिंतीचं तेवढं नाही," धाकटी म्हणाली. "भिंत काय, आज ना उद्या बांधता येईल. पण नऊ वर्षं ज्याच्या हातात किल्ली दिली, तो माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलला. म्हणे, मी नाही ठोकली. मी त्याला सांगून आलेय, महिनाअखेर घर रिकामं कर."

"मग तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. बरं म्हणाला."

महिना संपायला अकरा दिवस होते. कंपनीकडे दाद मागायची मुदतही त्याच दिवशी संपत होती. धाकटीचा आवाज खणखणीत होता, पण हातातला चहा तसाच निवत होता, आणि ती अशी चहा विसरली की आतून किती दुखावली आहे ते मला कळतं.

यांनी अहवाल पुन्हा उलगडला. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. "ही पाहणी रविवारी झाली?"

"हो. का?"

"काही नाही," हे म्हणाले आणि बूट घालायला उठले. यांच्या 'काही नाही'ची मला चांगली ओळख आहे. त्यात नेहमी काहीतरी असतं.

२

घरासमोर फरसबंद मोकळं अंगण आहे आणि त्याला फाटक नाही. गल्ली तिथेच संपते, त्यामुळे आत आलेली प्रत्येक गाडी त्या अंगणात मागे घेऊनच वळते. डावीकडे ती कोपऱ्याची खोली. छताला लोखंडी टेकू लावलेले, खिडकीच्या जागी प्लास्टिकचा कागद ताणलेला.

भाडेकरूला सगळी गल्ली मशीनवाले म्हणते. वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. आम्ही गेलो तेव्हा ते पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. आमचं येणं कशासाठी आहे ते समजल्यावरही हातातलं काम थांबलं नाही.

अंगणात त्यांच्या आई एक भलंमोठं निळं पिंप ढकलत होत्या. अर्धं कापलेलं प्लास्टिकचं पिंप, त्यात गुलाब, आणि खाली मशीनचा चाकांचा स्टँड. एवढीशी बाई, पण पिंप कसं सुरसुर चाललं होतं.

"ऊन सरकतं तसं हे सरकवते," त्या मला म्हणाल्या. "नऊ वर्षं एकाच जागी रुतून बसलं होतं, दोन माणसांना हलत नव्हतं. मुलाने चाकं लावून दिली. मंगळवारी संध्याकाळी लावली आणि बुधवारी दुपारी भिंत गेली. एक दिवस काही धड कौतुक करू दिलं नाही मेलीने."

मेली म्हणजे भिंत. मी हसले आणि ते तिथेच सोडून दिलं. ते सोडून द्यायला नको होतं, पण मी काही चौतीस वर्षं पाहणी केलेली नाही.

यांचं मोजणं सुरू झालं होतं. पडक्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा आडवा ओरखडा होता, जमिनीपासून बावीस इंचांवर. अहवालाप्रमाणे मशीनवाल्यांच्या पांढऱ्या व्हॅनचं मागचं बंपरही बावीस इंचांवर, आणि त्याला पोचा. झालं, सर्व्हेअरने दोन आणि दोन चार केले होते.

"पोचा तीन वर्षांपूर्वीचा आहे," मशीनवाले खोक्यावरून मान न उचलता म्हणाले. "आत गंज बघा. महिन्याभरात एवढा गंज धरत नाही. त्यांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, फोटोत दिसत नाही."

यांनी व्हॅनमागे उकिडवं बसून टेप लावली. मग परत लावली. "आज एकोणीस भरतंय."

"तीन मशीन आहेत आत. बसणारच ना ती खाली."

"बुधवारी किती होती?"

"तीनच. सकाळी दुरुस्त झालेली तीन नेऊन देतो, संध्याकाळी बिघडलेली तीन घेऊन येतो. पट्टे बांधायला तीन मशीनचीच जागा आहे. रिकामी गाडी मी फिरवत नाही, परवडतच नाही. फक्त रविवारी सगळं उतरवून धुतो."

हे उभे राहिले. गुडघे कुरकुरले, पण चेहरा उजळला होता. "रविवारी. म्हणजे तुमचा सर्व्हेअर आला तेव्हा गाडी रिकामी होती आणि बंपर बावीसवर. पण कामाच्या दिवशी ही या अंगणात येताना आणि जाताना भरलेलीच असते. बंपर एकोणीसवर. ओरखडा बावीसवर. धडक देताना कोणी गाडी तीन इंच उचलून धरत नाही."

मशीनवाल्यांच्या हातातली चिकटपट्टी थांबली. ते पायरीवर बसले. "मशीन बिघडवलं तर मी गिऱ्हाईकाला त्याच दिवशी सांगतो," ते म्हणाले. "घरमालक वहिनींना हे माहीत होतं. तरी त्यांनी कागदावर विश्वास ठेवला. त्याचं वाईट वाटलं."

"तुम्ही नाही, हे मला पटलं," हे म्हणाले. "पण कंपनी विचारेल, मग कोण? ते सांगता आलं नाही तर माझ्या तीन इंचांना कोणी विचारणार नाही."

आणि एवढं बोलून हे अचानक पुन्हा खाली बसले. फरशीवर एक मोठं गोल होतं, फिकट, शेवाळाचा कणही नसलेलं. यांनी त्या गोलापासून टेप ओढली, ती थेट आजींच्या निळ्या पिंपापर्यंत.

"आजी, त्या बुधवारी दुपारी हे पिंप कुठे होतं?"

"इथेच की. जेवून झोपायच्या आधी रोज इथे आणते. बुधवारीच तर पहिल्यांदा आणलं."

"चार फूट," हे पुटपुटले. बस्स, दिवसभरात त्यावर अवाक्षर नाही.

३

"या अंगणात वळायला कोण कोण येतं?" असं विचारल्यावर आजींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. कचऱ्याची गाडी येते, पण सकाळी. पार्सलवाले येतात, पण स्कूटरवर. आणि ड्रायव्हिंग स्कूलची गाडी येते, ती दिवसभर. "मास्तर शिकवतात ना मागे घ्यायला. चांगला माणूस आहे. कधी हॉर्न वाजवत नाही, मी झोपलेली असते म्हणून."

"बुधवारी आवाज ऐकला तुम्ही?"

"धाडकन झालं. मला वाटलं मशीन पडलं. उठून बाहेर येईपर्यंत नुसती धूळ."

"किती वाजले होते?"

"घड्याळ बघितलं मी. चारला दहा-बारा मिनिटं कमी."

घरी आल्यावर हे धाकटीला म्हणाले, "मशीनवाला खरं बोलतोय." आणि बंपरचा हिशोब समजावून सांगितला. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. चेहरा पडला होता, पण तिने लगेच मान्य केलं नाही. आमच्या घराण्यात लगेच कोणी काही मान्य करत नाही.

"मग ठोकली कोणी?"

"मला त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांशी बोलायचंय."

"मास्तरांचं काय मध्ये?" ती पटकन म्हणाली. "त्या दिवशी ते कामावरच नव्हते. ताप होता त्यांना."

"तुला काय माहीत?" मी विचारलं.

धाकटीने पाण्याचा पेला उचलला आणि सगळा संपवला. "असंच. कोणीतरी म्हणालं."

ती गेल्यावर हे माझ्याकडे बघत बसले. चाळीस वर्षं संसार केल्यावर असं बघण्याचा अर्थ कळतो. यांना मास्तर ओळखत होते, यांची टेप तर त्याहून जास्त. मला मात्र कोणी ओळखत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "अहो, या वयात?"

"एकच दिवस," हे म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसले. वय वर्षं एकोणसाठ.

मास्तर पन्नाशी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. तेवीस वर्षं शिकवत होते. गाडी पांढरी, समोरून चांगलीच म्हातारी झालेली. मागून पाहिली तर मात्र कालच दुकानातून आणल्यासारखी चकचकीत. मास्तर माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी पायाखाली बोट दाखवलं. तिथे आणखी एक ब्रेक होता.

"हा माझा. तुम्ही कितीही गोंधळ घाला. मी इथे बसलेला असताना तुमच्या हातून माशीसुद्धा मरायची नाही."

मी त्यांचं म्हणणं मनापासून तपासून पाहिलं. पहिल्या चौकात माझा पाय भलतीकडेच पडला, इंजिन किंचाळलं, आणि गाडी वीतभर सरकून जागच्या जागी थांबली. मास्तरांनी कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. "पुन्हा," म्हणाले.

"मला मागे घ्यायचं शिकवा," मी म्हणाले. "पुढे काय, कोणीही जातं."

ते हसले आणि माझा हट्ट पुरवायला गाडी स्वतः चालवत गल्लीच्या टोकाशी घेऊन आले. मग पुन्हा मला चाकामागे बसवलं. टेकू लावलेली खोली डोळ्यांसमोर होती. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"आता नीट ऐका. हळूहळू मागे यायचं. तो विजेचा खांब मागच्या छोट्या काचेत दिसला, की चाक पूर्ण डावीकडे. बाकी काही बघू नका, गाडी आपोआप बरोबर जागी जाते. माझे सगळे विद्यार्थी खुणेवर शिकलेत. पूर्वी ते पिंप..." ते मध्येच थांबले. "पूर्वी दुसरी खूण होती."

"मग बदलली का?"

"खूण कायमची असावी लागते," एवढंच ते म्हणाले.

परत ऑफिसात आल्यावर त्यांनी हजेरीची वही पुढे केली. त्यांची पद्धत अशी, की विद्यार्थ्याने सोमवारीच आठवड्याच्या सगळ्या दिवसांवर सह्या करून टाकायच्या आणि तास झाला की मास्तरांनी सहीपुढे लाल बरोबरची खूण करायची. ते पाणी प्यायला आत गेले तसा मी वहीचा तो बुधवार काढला. तीनचा तास, साडेतीनचा तास, चारचा तास.

साडेतीनपुढची सही मी ओळखली. ती सही मी शाळेच्या पाटीपासून बघत आलेय. धाकटीची होती.

तरी मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेण्याइतकं भान राहिलं, याचं श्रेय मी यांना देत नाही.

५

धाकटी आधी चिडली, मग रडली आणि मग सांगू लागली.

तिचे यजमान गेल्यापासून त्यांची गाडी आच्छादनाखाली उभी होती. तीन वर्षं ती त्या गाडीला नुसती पुसत होती. शेवटी ठरवलं, आपणच चालवायची. पण आम्हाला सांगितलं तर आम्ही हसू, मुलगा ओरडेल, म्हणून सगळं गुपचूप. ऑफिसात कोणी पाहायला नको म्हणून ती मास्तरांना गल्लीच्या टोकाशीच भेटायची. साडेतीनला, आजी झोपलेल्या आणि मशीनवाले कामावर असताना, मास्तर गाडी आणि सोमवारी सह्यांची वहीही घेऊन तिथे येत, ती रिक्षाने तिथे पोचे.

"चूप बस," मी म्हणाले, कारण माझेही डोळे भरले होते. "आम्ही हसलो असतो, आणि मग आलो असतो की तुझ्याबरोबर."

यांना मात्र रडण्यासाठी वेळ नव्हता. "पत्रातलं वाक्य आठव. घरमालक चालवत असलेल्या वाहनाने झालेलं नुकसान. त्या दिवशी चाकामागे तू असशील, तर दावा गेलाच. शिवाय तू मशीनवाल्याला खोटा ठरवलंस, तेही तुझ्याच अंगावर येईल. खरं सांग, बुधवारी गेली होतीस?"

"नाही. देवाशपथ नाही. त्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात दोन तास अडकले. डोळ्यांत औषध घातलं, मग समोरचं काही दिसेना. मास्तरांना फोन करायला नंबरसुद्धा वाचता येत नव्हता. केसपेपरवर वेळ आहे, पावणेचारला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले तर तेच म्हणाले, बरं झालं तुम्ही नव्हता, मीही आलो नव्हतो, ताप होता."

यांनी माझा मोबाइल मागितला आणि त्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. तीनच्या सहीपुढे लाल खूण होती. चारच्या सहीपुढे लाल खूण होती. धाकटीच्या सहीपुढे नव्हती.

"ताप फक्त साडेतीन ते चार होता वाटतं," हे म्हणाले.

६

मास्तर ऑफिससमोर गाडीतच बसून डबा खात होते. हे जाऊन पलीकडच्या, म्हणजे मास्तरांच्या नेहमीच्या सीटवर बसले. मी मागे बसले. मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. यांची टेप त्यांनी पाहिली होती.

"मास्तर, तुम्हाला एक गोष्ट सांगतो," हे शांतपणे म्हणाले. "चुकलो तर थांबवा. एका अंगणात एक निळं पिंप नऊ वर्षं एकाच जागी होतं. दोन माणसांना हलेना असं. खूण म्हणून त्याहून चांगलं काय मिळणार? तुम्ही कितीतरी जणांना शिकवलंत, पिंप काचेत आलं की चाक पूर्ण फिरवा. मग एका मंगळवारी त्या पिंपाला चाकं लागली. बुधवारी दुपारी एका म्हाताऱ्या बाईने ते उन्हात ढकललं. चार फूट. आता त्या खुणेवर जो वळेल, तो चार फूट आधी वळेल, आणि चार फूट आधी वळलं की मागे त्या खोलीचा कोपरा येतो. मी मोजलंय."

मास्तर समोरच्या काचेतून बघत होते.

"मला आधी वाटलं, एखादा विद्यार्थी असेल. मग आमच्या हिने सांगितलं, तुमच्या शेजारी बसून तिने काय काय प्रताप केले. गाडी वीतभर सरकली आणि थांबली." यांनी पाय उचलून त्या दुसऱ्या ब्रेकवर ठेवला. "हा ब्रेक असताना भिंत फार तर खरचटली असती. तिथे आख्खा कोपरा आत गेलाय, खिडकी निघालीय. म्हणजे गाडी जोरात आली आणि या ब्रेकवर पाय नव्हता. या सीटवर माणूसच नव्हता. ज्याने बसायचं, तो आत्ता तुम्ही बसलाय तिथे, चाकामागे होता."

मास्तरांनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला.

"माझ्या विद्यार्थिनीची वाट बघत होतो," मास्तर म्हणाले. आवाज तसाच मऊ होता. "वीस मिनिटं झाली, त्या आल्या नाहीत. चारचा विद्यार्थी ऑफिसात येऊन बसणार होता. घाई होती, आणि त्या दुपारची ती तिथली पहिलीच फेरी. मी कधी बघतच नाही हो मागे घेताना. पिंप दिसलं की हात आपोआप फिरतो. फिरला."

"आणि मग?"

"उतरून बघितलं. पिंप पुढे सरकलेलं. खाली चाकं. तेवीस वर्षं लोकांना सांगतोय की गाडी कशी चालवायची, आणि स्वतः एका पिंपाच्या भरवशावर गाडी चालवत होतो. पळालो. रात्रीपर्यंत वाटत होतं, उद्या सांगू. उद्या सांगायचं म्हटलं तर शिकायला कोण येणार माझ्याकडे? मग ऐकलं, विमा आहे. म्हटलं, भरून निघेल, कोणाचं काही जात नाही."

"मशीनवाल्याचं घर जातंय," मी मागून म्हणाले. "परवा ते खोकी बांधत होते. त्यांच्या आईंना आपण का जातोय ते अजून सांगितलेलं नाही."

मास्तर वळून माझ्याकडे बघायला लागले. हे त्यांना खरंच माहीत नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण त्याहून जास्त कीव आली. आजींची झोपमोड नको म्हणून हॉर्न न वाजवणारा माणूस होता तो.

"कागद आहे का?" त्यांनी यांना विचारलं. यांच्याकडे कागद नेहमीच असतो.

७

यांनी दाद मागण्याचा अर्ज स्वतः लिहिला. भरलेल्या आणि रिकाम्या व्हॅनची मापं, गंजलेल्या पोच्याचा जवळून फोटो, हजेरीच्या वहीचं पान, धाकटीचा केसपेपर आणि वर मास्तरांचा सहीनिशी कबुलीजबाब. सगळं आठ पानांचं झालं. मी वाचून पाहिलं आणि मला एक गोष्ट खटकली.

"अहो, यात पिंप कुठे आहे?"

"'वाहन मागे घेताना चालकाचा अंदाज चुकला' असं लिहिलंय ना. पुरेसं आहे."

"चौतीस वर्षांत तुम्ही दारामागचा खिळासुद्धा सोडला नाहीत."

"याची प्रत त्या घरीही जाणार," हे म्हणाले. "मशीनवाला आईला वाचून दाखवणार. त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा ते पिंप स्वतःच्या हाताने हलवलं होतं. तिला कशाला सांगायचं?"

मी यांच्याशी लग्न केलं ते वाया गेलं नाही, असं मला अधूनमधून वाटतं. त्या दिवशी जरा जास्तच वाटलं.

महिना संपायच्या आदल्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. फेरतपासणीनंतर दावा मंजूर. धाकटीने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मला आत्ता तिथे जायचंय." मग थोडं थांबून, "आणि मला स्वतःला जायचंय."

आच्छादन निघालं. गाडी सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. शेजारच्या सीटवर मास्तर बसले, धाकटीनेच त्यांना बोलावलं होतं. मागे आम्ही दोघं. ही गाडी घरची होती, तिला दुसरा ब्रेक नव्हता. मास्तर हात मांडीवर घेऊन बसले होते आणि पाय अधूनमधून रिकाम्या जमिनीवर दाबत होते. यांनी तर दाराची मूठ घट्ट धरली होती.

गल्लीत शिरलो तेव्हा मशीनवाले अंगणात होते. खोकी व्हॅनशेजारी रचून ठेवलेली. धाकटी गाडी थांबवून खाली उतरली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पत्र पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"वाचायची गरज नाही, वहिनी. तुम्ही आलात, कळलं."

"मी तुम्हाला खोटं म्हणाले," धाकटी म्हणाली. "नऊ वर्षं तुम्हाला ओळखत होते, तरी तुम्हाला एकदाही नीट विचारलं नाही. माझं चुकलं. जाऊ नका."

मशीनवाले तिच्याकडे बघत राहिले. मग वळले आणि सगळ्यात वरचं खोकं उचलून घरात घेऊन गेले. थोड्या वेळाने बाहेर आले आणि दुसरं उचललं. मास्तर गाडीतून उतरले. तिसरं खोकं त्यांनी उचललं. दारात दोघांची गाठ पडली. मशीनवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पाहत राहिले, आणि बाजूला होऊन त्यांना आत जायला वाट दिली.

गाडी गल्लीच्या मधोमध उभी होती, ती मागे घेऊन अंगणात लावायला हवी होती. धाकटी पुन्हा चाकामागे बसली. तेवढ्यात आजी पिंप ढकलत आल्या आणि गाडीच्या मागे थबकल्या.

"हे मध्ये येतंय का गं? हलवू?"

धाकटीने काच खाली केली. "नका हलवू, आजी. तुम्हाला ऊन मिळेल तिथे राहू दे," ती म्हणाली. "मी आरशात बघून येते."